हाक मारायची नाही, ससे पळतील!

सशांचे फोटो कमी आणि किस्से जास्त, अशी आमच्या ग्रुपची गत झाली आहे. कॅमेरे रिकामे परत येतात, पण परतीच्या ड्राइव्हमध्ये तोंडाला खळ नसतो!

ग्रुप म्हणजे अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातले आम्ही चौघं. रिटायर्ड सर्जन दिनकरराव, त्यांच्या पत्नी शुभदावहिनी, आयटीतला तरुण मिलिंद आणि मी. मार्च-एप्रिलमध्ये रानसशांचा प्रेमाचा मोसम असतो. नर फारच मागे लागला की मादी दोन पायांवर उभी राहून त्याला ठोसे मारते. तो एक फोटो दिनकररावांना हवा होता.

अडचण त्यांच्या उजव्या हाताची. तो थरथरू लागलाय. "पुढच्या स्प्रिंगला हा हात कॅमेरा धरणार नाही," असं निदान त्यांनी स्वतःच केलं. म्हणजे हाच शेवटचा मोसम.

*

पहिल्या सकाळी पश्चिमेकडच्या एका शेतात छोटा तंबू ठोकून बसलो. बर्फ अजून पुरतं वितळलं नव्हतं. तासाभराने ससा दिसला. आम्ही श्वास रोखले. आणि तंबूत कुर्रम!

मिलिंदने चिवड्याचा बकाणा भरला होता. ससा गेला.

"काका, सॉरी यार! मऊ पोहे समजून खाल्ले."

दिनकररावांनी चिवड्यावर बंदी घातली. वहिनींनी डबा मुकाट्याने पिशवीत टाकला, पण पुढच्या खेपांनाही तो घरी ठेवून आल्या नाहीत.

*

पुढच्या खेपेला दोन ससे अगदी समोर आले. दिनकरराव फोकस करत होते. तेवढ्यात मिलिंदला शंका आली, गाडी लॉक केली का? त्याने खिशातलं बटण दाबलं.

पार्किंगमधून गाडीने खणखणीत उत्तर दिलं, "पीं!"

परत येताना दिनकरराव डाव्या हाताने उजवा हात दाबून बसले होते. मला फार वाईट वाटलं.

*

वहिनींची नजर आमच्या सगळ्यांत तेज. म्हणून दुर्बीण त्यांच्याकडे दिली. एकदा उजवीकडे ससे दिसले आणि त्या कुजबुजल्या, "अहो!"

दिनकरराव वळले. मीही वळलो, कारण घरी मीही 'अहो'च! मिलिंदचं तर लग्नही झालेलं नाही, तरी तोही वळला. तिघांची स्टुलं एकमेकांत अडकली आणि धाडकन पडली.

"तंबूत नावाने हाक मारायची," दिनकररावांनी नियम केला. "म्हणजे ज्याला मारली तोच वळेल."

"सशांसाठी मी तुमचं नाव घेऊ?" वहिनी कडाडल्या. "लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढं पुरे!"

मग त्या नवऱ्याची बाही ओढायला लागल्या. त्याने कॅमेरा हलायचा आणि फोटोत नुसतं आभाळ यायचं.

*

शेवटच्या रविवारी हात फारच थरथरत होता. दिनकररावांनी कोपर गुडघ्यावर रोवलं, कॅमेरा गालाशी दाबला आणि कसाबसा स्थिर केला. डोळा कॅमेऱ्याला, रोख डावीकडे. बाही ओढायची सोय राहिली नव्हती. ओढली की संपलं!

आणि ससे आले उजवीकडे. मादी उभी राहिली. नरही उभा राहिला.

वहिनींनी दुर्बीण खाली केली. हात बाहीपर्यंत नेला आणि मागे घेतला. तोंड उघडलं, मिटलं. 

"दिनकर," त्या हळूच म्हणाल्या. "उजवीकडे बघ."

मिलिंदने आ वासला. मी कॅमेरा विसरलो. आम्ही दोघं वहिनींकडे बघत राहिलो, त्यामुळे आमच्याकडे त्या क्षणाचा एकही फोटो नाही. तंबूत फक्त एका कॅमेऱ्याचा आवाज येत होता. खट, खट, खट!

ससे गेल्यावर दिनकररावांनी स्क्रीनवर बघितलं. मादीचा पंजा नराच्या थेट नाकावर, मिशीचा केस न् केस स्पष्ट!  मग ते मान वर न करता म्हणाले, "शुभदा, मघाशी काही म्हणालीस का गं?"

वहिनींनी पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडलं.

"अहो, मी कुठे काय म्हणाले! चिवडा घ्या."