तिच्या पॅचला माझी संमती

ती मला अक्का म्हणते. मूळची सिरोंच्याची, घरात तेलुगू बोलणारी, वयानं माझ्याहून लहान आणि नोकरीतही मागून आलेली. अक्का म्हणणाऱ्या माणसावर उघड चिडता येत नाही, ही माझी मोठीच अडचण झाली.

चंद्रपुरात आमचं छोटं ऑफिस आहे. नदीची पातळी मोजून रेडिओनं गावाला कळवणारे डबे आम्ही बनवतो. डब्यात जी ऑपरेटिंग सिस्टिम चालते ती जगभरातले लोक मिळून लिहितात. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. आणि त्या कर्नेलचा नेटवर्कचा भाग फक्त केबल नि वायफाय ओळखायचा, आमच्या रेडिओला ओळखतच नव्हता. ती ओळख करून देणारा कोड मी लिहिला. तो माझ्या नावानिशी कर्नेलमध्ये गेला, तेव्हा अम्मीनं केलेल्या शेवया मी ऑफिसभर वाटल्या.

त्यात एक जुगाड होता. केबलच्या इंटरफेसचा, म्हणजे जोडणीचा, पत्ता सहा बाइटचा, आमच्या रेडिओचा आठ. कर्नेलला सहाच ठाऊक, म्हणून मी शेवटचे दोन कापून टाकले. टेबलावर दोन रेडिओ ठेवून पाहिलं, चाललं, विषय संपला. ते दोन वेगवेगळ्या खोक्यांतले होते. एकाच खोक्यातल्या रेडिओंचे पहिले सहा बाइट सारखेच असतात, फरक असतो तो शेपटातच. सिरोंच्याला एकाच खोक्यातले रेडिओ असलेले दोन डबे लागले, एक प्राणहितेवर, एक गोदावरीवर, आणि प्राणहितेचं पाणी गोदावरीच्या नावावर दिसायला लागलं. ती तेव्हा सुटीवर घरी होती. तिनंच ते पकडलं.

"मग मधले दोन कापू," मी फोनवर म्हटलं.

"अक्का, पण कापाचंच काऊन? ज्याचा पत्ता जेवढा, तेवढा त्यालेच विचारू नं."

परत येऊन तिनं तसंच लिहिलं. कर्नेलनं काही गृहीत धरायचं नाही, प्रत्येक इंटरफेसनं आपली माहिती आपणच द्यायची. उद्या आणखी कुठल्या जातीचा इंटरफेस आला तरी मूळ कोडला हात लावायला नको. वाचताना मला कळत होतं की हे सुंदर आहे. कळत होतं म्हणूनच अंगाचा तिळपापड होत होता. वर तिच्या पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या मसुद्यात, माझा अख्खा कोड लाल होता. काढून टाकायच्या ओळी पडद्यावर लाल दिसतात.

कर्नेलच्या कामात असे बदल जाहीर मेलवर पाठवायचे असतात, सगळ्या जगानं वाचावेत म्हणून. आणि कोणाचा कोड काढायचा असेल तर त्याची संमती विचारायची रीत आहे. कर्नेलचा तो भाग सांभाळणाऱ्या परदेशी माणसानं दोनच ओळी लिहिल्या: बदल चांगला आहे, मूळ लेखिकेचं काय म्हणणं?

म्हणजे सगळं माझ्यावर येऊन अडलं. मी उत्तर लांबणीवर टाकलं. तिच्या कोडमध्ये खोट शोधायला बसले.

माझा स्वतःचा कोड मी कधी इतक्या निष्ठेनं वाचला नव्हता. ज्याला पत्ताच नसतो असा सिरीयल तारेचा इंटरफेस जोडला, आणि मशीन जागच्या जागी गोठलं. मला इतका आनंद झाला की खाली उतरून समोसे घेऊन आले. तिलाही दिला एक. खोट कुठं आहे ते जाहीर मेलवर, सगळ्यांसमोर लिहिलं.

"बरं झालं अक्का तू पाह्यलं," ती समोसा खातखात म्हणाली. "नाई तं तसंच गेलं असतं." तिनं दुरुस्ती केली, आणि खोट शोधणारी म्हणून माझं नाव पॅचमध्ये घातलं. आता हिच्याशी भांडायचं तरी कसं?

मी पुन्हा शोधलं. निरोप चालू असताना रेडिओ उपटून पाहिला, परत लावला, पुन्हा उपटला. घरी जेवताना अम्मीनं माझ्या ताटाकडे पाहून विचारलं, "किसी से जल रही है क्या?"

काहीच सापडलं नाही. शेवटी दात-ओठ खाऊन मी "मान्य" असं लिहिलं, एवढंच. माझा कोड गेला, तिचा आला. प्राणहितेचं पाणी प्राणहितेत दिसू लागलं. ऑफिसात तिनं पेढे वाटले, मी दोन खाल्ले आणि गोड फार झालेत म्हणाले.

मला वाटलं, हळूहळू निवेल हे. मग परवा कुठल्या तरी देशातल्या माणसाचा पॅच आला. त्यात तिचा अर्ध्याहून अधिक कोड लाल होता. मी मेल वाचून खुर्ची ओढून बसले. आता हिचं तोंड बघू, म्हटलं.

खाली तिचं उत्तर आधीच आलेलं होतं. मान्य, आणि पुढे त्या माणसाचे आभार.

"काऊन वं, वाचलं तरी का?" मी जरा जोरातच विचारलं.

"वाचलं नं अक्का. माह्यापेक्षा चांगलं लिवलं त्यानं." एवढं बोलून ती पुढच्या कामाला लागली.

तिच्या कोडसारखा कोड मी कधीतरी लिहीनही. पण तिनं ते "मान्य" ज्या सहजपणानं लिहिलं, तो सहजपणा मी कुठून आणू? त्या दिवशी मी तिच्यावर जेवढी जळले, तेवढी आधी कधीच जळले नव्हते.