खालच्या ओळीचा ताळा

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, शाळेत गणित शिकवायच्या. मुलं त्यांना पाठीमागे ताळेबाई म्हणायची. उत्तर आलं तरी ताळा घेतल्याशिवाय त्या कुणाला पेन खाली ठेवू द्यायच्या नाहीत, आणि तो ताळाही दुसऱ्या समीकरणात. "ज्या ओळीतून उत्तर काढलं तिलाच काय विचारतोस? ती हो म्हणणारच!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

निवृत्त झाल्या तरी नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. घाबरायच्या त्या एकाच गोष्टीला. त्यांची आई शेवटी शेवटी पोटच्या लेकीलाच विचारायची, "बाई, आपण कोण?" तेव्हापासून सकाळचा चहा झाला की वन्सं पाटीवर दोन समीकरणं मांडायच्या. क्षचा लोप करायचा, य काढायचा, मग क्ष. ताळा जुळला की पाटी पुसून म्हणायच्या, "आज शाबूत आहे." मला बजावलं होतं, "चुकेल त्या दिवशी तोंडावर सांग. भीड धरू नकोस." मी हसून हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय जातं?

परवा भाजी निवडता निवडता माझी नजर पाटीवर गेली. वर ३क्ष + २य = १२, खाली ३क्ष − य = ३. खालची ओळ वजा करताना यचं उणे चिन्ह बदलायचं राहून गेलं होतं. तीन यच्या जागी एकच य उरला. य आला नऊ, तो वरच्या ओळीत घालून क्ष उणे दोन. असं कुणाचंही होतं, ताळ्यात सापडतं, म्हणून मी भाजी निवडत राहिले.

पण वन्संनी उत्तर वरच्याच ओळीत घातलं. उणे सहा अधिक अठरा, बारा. "जुळलं! आज शाबूत आहे," म्हणाल्या आणि फडक्याकडे हात नेला.

मागच्या आठवड्यात त्यांच्या हातून दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं, तेव्हा घरातले सगळे हसलो होतो. आता ते हसणं आठवून अंगावर काटा आला. बोलले नसते तर त्या खुशीत उठून अंघोळीला गेल्या असत्या.

"वन्सं, खालच्या ओळीत घालून बघता का?" मी विचारलं.

त्यांनी घातलं. उणे सहा, उणे नऊ. उणे पंधरा. शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलेला तीन. त्या तीनकडे त्या बघतच राहिल्या.

"होतं हो असं कधीकधी," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस." मग हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून ताळा तू घे. मी आपली वरच्याच ओळीत बघत बसेन, आणि मला वाटेल, जुळलं."

मी मान डोलावली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं, आईलाही सगळं जुळतंय असंच वाटत असेल, नाही?"