दुपट्ट्याखाली ढिला पडलेला हात

"ही दारू नाही, मिरगीही नाही. नार्कोलेप्सी आहे," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे दिवसा आवरता न येणारी झोप. मी मान वर केली नाही. शेजारी बायको होती, आणि तिच्यासमोरच माझा हात नुकताच लुळा पडला होता.

मी बैलांचा दलाल. बापाच्या जिवावर नाही, स्वतःच्या जिभेवर उभा राहिलो. मूल गावच्या बैलबाजारात भाव मात्र तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालून बोटे दाबतात. बोटे सैल सोडली की सौदा मान्य.

आधी झोप आली. जेवताना घास हातात राहून डोळा लागे. बैलबंडी हाकताना कासरा सुटे. मग एका बाजारात मी सुकरू नावाच्या शेतकऱ्याची बैलजोडी विकत होतो, आणि पोचूभाऊ, गिऱ्हाइकाच्या बाजूचा दलाल, पडेल भावाला अडून बसला. मला संताप आला, आणि त्याच क्षणी बोटे सैल पडली, गुडघे वाकले. सगळे ऐकू येत होते, बोलता येत नव्हते.

"सोडला हात! सौदा झाला," पोचूभाऊ ओरडला.

"अरे, मानूस पडला ना!" गर्दीतून कोणी म्हणाले.

"मोहाची दारू चढली त्याले. हुंगून पाहा," पोचू म्हणाला.

कोणीतरी माझे तोंड हुंगले. वास नाही म्हणून मिरगी ठरवली आणि नाकाला चप्पल लावली. मी दारूला कधी शिवलो नाही. पण त्याहून वाईट म्हणजे सुकरूची बैलजोडी माझ्या हाताने मातीमोलाने गेली. पोचूला मी अजून माफ केलेले नाही. सुकरूकडे मात्र पाहवत नव्हते.

चांद्याला मिरगीचे औषध घेतले. फरक नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी बायकोला विचारले, "बेशुद्ध होतात का?"

"नाई जी. कोन काय बोललं, सारं मंग सांगते."

त्यांनी माझ्या गुडघ्याखाली लहान हातोडी मारली; पाय उडाला. मग हातावर टॉवेल टाकून म्हणाले, "माझी सायकल घ्या. करा भाव." त्यांनी बोटांनी दाबलेला आकडा भलताच मोठा होता. "सायकल हाय का हत्ती?" म्हणत मी हसलो, आणि बोटे गळाली. त्यांनी लगेच हातोडी मारली. पाय हलला नाही.

"याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. रागाने, हसण्याने, मन भरून आल्यानेही ताकद क्षणभर जाते, शुद्ध जात नाही."

बायकोने पदराने तोंड पुसले. "म्हंजे पेत नाई ना हे?"

तिलाही शंका होती तर.

तुमच्या घरी असे कोणी असेल, तर झटका पाहिलेला माणूस डॉक्टरकडे सोबत न्या. आजाराचे निदान त्याच्या सांगण्यावरून होते. गोळीने आणि दुपारच्या झोपेने माझी झोप आवरली. हात अजून दगा देतो.

पुढच्या बाजारात मी सगळ्यांसमोर सांगितले, "मले बिमारी हाय. बोटं सैल पडली तं सौदा नाई. तोंडानं हो म्हनीन तवाच."

"तोंडानं बोलनारा दलाल!" पोचू हसला. सगळे हसले.

सुकरू गर्दीतून आला आणि नव्या गोऱ्ह्याचा कासरा त्याने माझ्या हातात दिला. "याचा भाव तूच कर, भाऊ."

माझी बोटे गळाली. कासरा खाली पडला. त्याने तो उचलला, पुन्हा माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटे वळेपर्यंत धरून उभा राहिला.