उसन्या घोडीचा मुलाहिजा

आमच्या घरात सगळ्यांत आधी जेवायची ती घोडी. मग आमचे हे, आणि उरलंसुरलं मी. नवी नवरी म्हणून औरंगपुऱ्यातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले, तेव्हा हा क्रम मला फार झोंबला होता. घोडी माझ्या आधीपासून घरात होती, आणि थोरल्या जावेचा तोरा तिच्या अंगात होता.

हे देवी टोचायच्या खात्यात होते. गावोगाव हिंडायचं, पोरांच्या दंडावर लस टोचायची. थेट फर्दापूरपर्यंतची गावं यांच्याकडे. हिंडायला घोडं मात्र पदरचं पाहिजे, हा निजाम सरकारचा दंडक. त्यापोटी सरकार मैलावर भत्ता द्यायचं. घोडं आहे तर भत्ता आणि नोकरी. घोडं गेलं की दोन्ही गेलं.

भत्त्याचा दर ज्यानं ठरवला त्याला कडबा फुकट मिळत असावा. पुढे लढाई सुरू झाली. फौजेचे ठेकेदार गंजीच्या गंजी उचलून नेऊ लागले आणि कडब्याच्या पेंढीला हात लावायची सोय राहिली नाही. हरभऱ्याचं तर नावच काढू नका. भत्ता तेवढा जागचा हलेना. खात्यातल्या सगळ्यांनी मिळून उर्दूत दरख्वास्त धाडली. उत्तर आलं की भत्ता अंतरावर ठरतो, आणि अंतर काही वाढलेलं नाही. खरंच होतं, फर्दापूर होतं तिथंच होतं. ते वाचून आमचे हे गप्प बसले. मी मात्र कितीतरी दिवस त्या उत्तराला शिव्या देत भांडी घासली.

घोडी वाळत चालली. माझ्यातली अर्धी भाकरी मी तिला चारायचे, पण घोड्याच्या पोटाला अर्ध्या भाकरीचं काय! हे दौऱ्यावर निघाले की वेशीपर्यंत बसून जात आणि मग उतरून लगाम धरून चालू लागत. "भत्ता बसायचा आन् चालतो मी," असं म्हणून स्वतःच हसायचे. पायांना फोड यायचे ते मी बघत होते, त्यामुळं मला हसू येत नसे.

अशात मुलाहिज्याचा, म्हणजे जनावरांच्या तपासणीचा, दिवस जवळ आला. दर वर्षी वरून एक साहेब यायचे आणि प्रत्येकाचं जनावर नजरेखालून घालायचे. जनावर हाडकलेलं दिसलं की 'नाकाम' असा शेरा, आणि भत्ता बंद.

शेजारी एक टांगेवाले चाचा राहायचे. त्यांचीही घोडी आमच्यासारखीच तांबूस, पण अंगानं कशी भरलेली. कारण साधं होतं. कडबा महागला की चाचा टांग्याचं भाडं वाढवायचे. त्यांना कुणाकडे दरख्वास्त करावी लागत नव्हती. तेच यांना म्हणाले, "मेरी लेके जाव. रंग एकच है. साहब कू क्या मालूम?" खात्यातल्या एकानं आदल्या वर्षी सासऱ्याचं घोडं दाखवून वेळ मारून नेली होती, त्यामुळं हे कबूल झाले.

मी उखडले. "उसन्या घोडीवर नोकरी टिकवता व्हय?"

"मग काय करू? हिला इकू? इकली की नोकरी बी गेली. लई बोलतीस तू!" म्हणाले, आणि जाऊन घोडीपाशी बसले. माझ्यापाशी बसले असते तर मी आणखी बोलले असते, हे त्यांना माहीत होतं.

आमच्या माळवदावरून यांच्या कचेरीचं मागलं अंगण दिसायचं, तिथलं बोलणंही ऐकू यायचं. मुलाहिज्याच्या दिवशी मी वर जाऊन उभी राहिले. चाचा सकाळी स्टेशनावरची सवारी घेऊन धावतपळत आले. तिला कचेरीच्या पुढल्या दारात उतरवली, मागल्या बाजूला येऊन घोडी सोडली, घाम पुसला आणि लगाम यांच्या हातात दिला. थोड्या वेळानं शेरवानीतले एक वयस्क साहेब बाहेर आले. त्यांना बघताच चाचांनी डोक्याला हात लावला. सकाळची सवारी तीच होती.

साहेब यांच्यापुढं आले तसे घोडीनं कान टवकारले, मान पुढं केली आणि सरळ त्यांच्या शेरवानीच्या खिशात तोंड घातलं. साहेबांनी खिशातून गुळाचा खडा काढून तिला दिला.

"स्टेशन पर मैंने इसी को गुड़ खिलाया था," ते शांतपणे म्हणाले. "तुमची कुठं आहे?"

हे खाली मान घालून उभे.

मला जो राग आला तो कुणाकुणाचा होता हे आजही सांगता येणार नाही. यांचा, चाचांचा, साहेबांचा, त्या फर्दापूरचासुद्धा. तरातरा खाली आले, डोक्यावर पदर घेतला, आमची घोडी सोडली आणि बोळातून ओढत कचेरीच्या अंगणात नेली. त्या काळी कुणाची बायको अशी कचेरीत शिरत नसे. बाप्ये आ वासून बघत राहिले.

"ही आमची. बघा," मी म्हणाले. तोंड काही थांबेना. "कडबा किती महागला ते अंतर बघून कळत नाय, साहेब. हिच्या फासळ्या बघा. हिला ओझं नको म्हणून आमचे हे पायी चालतेत. एका बी गावाची लस चुकली असंल तर मग खुशाल भत्ता तोडा!"

साहेबांनी घोडीच्या फासळ्यांवरून हात फिरवला. एकेक खूर उचलून बघितला. पाठीवरची झूल काढून तळवा टेकवला. पाठ कशी स्वच्छ होती. खोगिराची एक जखम नव्हती. मग खिशातला दुसरा खडा काढून तिच्यापुढं धरला. आमच्या घोडीला गूळ माहीत नव्हता. तिनं आधी हुंगला, मग हळूच उचलला.

"मैंने अपना बेच दिया," साहेब घोडीकडंच बघत म्हणाले. "होळीच्या आधी. चारायला परवडेना. खिशात गूळ ठेवायची सवय तेवढी सुटत नाही."

मग त्यांनी कारकुनाला शेरा सांगितला, "दुबली है, मगर काम की है. भत्ता जारी." आणि यांना म्हणाले, "पुढल्या वर्षी हिलाच आणायचं."

भत्त्याचा दर त्या वर्षी वाढला नाही, हेही सांगून टाकते. पण घोडी आमच्याकडेच राहिली. मी आयुष्यात कुणाला नवस केला नाही, पण त्या दुपारी घरी येऊन देवापुढं साखर ठेवली आणि पुन्हा माळवदावर गेले.

साहेब परत निघाले होते. चाचांनी टांगा जोडून आणला, कान पकडले, बसायची विनंती केली. साहेबांनी त्यांच्या घोडीची मान थोपटली. "आज हिच्या दोन नोकऱ्या झाल्या. आता हिला ओझं नको," म्हणाले आणि पायी चालू लागले. हे आमची घोडी घेऊन मागं धावले. "साहेब, हिच्यावर तरी बसा." साहेबांनी तिच्याकडं एकवार बघितलं आणि मान हलवली.

पुढं साहेब, त्यांच्या मागं लगाम धरून हे, आणि त्यांच्या मागं रिकामा टांगा हाकायची लाज वाटून खाली उतरलेले चाचा. भर उन्हात सगळी वरात पायी स्टेशनाकडं चालली होती. मी पदर तोंडाला लावून हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. एवढ्या दोन घोड्या बरोबर होत्या, आणि बसायला एकाचाही जीव धजत नव्हता.