अठ्ठावीसच्या दोन लेन्स

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात माणूस लेन्समधून पाहत नाही, बाजूच्या छोट्या खिडकीतून पाहतो. म्हणून लेन्स कशी आहे, ते फिल्म धुतल्यावरच कळते. माझ्याकडे आणि माझ्या मित्राकडे अठ्ठावीस मिलिमीटरची एकेक जुनी लेन्स होती. सरस कोणती, हे एकदा पाहून घ्यायचे ठरले. तो उरणकडच्या मिठागरवाल्या घरातला, निवृत्त शिक्षक. मैत्री तीस वर्षांची.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांसमोर आम्ही तिवई लावली. कॅमेरा एक, रोल एक. आधी एक लेन्स, मग दुसरी. बटण मी दाबत होतो, वहीत फोटोंचे क्रमांक तो लिहीत होता. लेन्स बदलल्यावर मी झाकण न काढताच एक फोटो घेतला.

"झाकण काढ रं," तो म्हणाला. "काळोख काय, तुझ्या घरी पण हाय."

पंधरवड्याने मी रोल धुतला. आधी कोणती लेन्स लावली होती, ते तोवर मी विसरलो होतो. त्याने दिलेल्या वहीच्या पानाप्रमाणे त्याची लेन्स कोपऱ्यांपर्यंत धारदार होती. माझी कडेला विरघळत होती. मी भिंगातून हे दोनदा पाहिले आणि फिल्म घेऊन त्याच्या घरी गेलो.

"तूच सांग," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांना एवढं बारीक आता न्हाय दिसत."

"दोन्ही सारख्याच," मी म्हणालो. "हवी तर अदलाबदल करू, तेवढाच बदल."

तो लगेच तयार झाला. परतताना मला लाज वाटली आणि आनंदही झाला. आनंद जास्त होता, हे कबूल केले पाहिजे.

पुढचे दोन रोल कडेला भिजल्यासारखे आले. मी माझ्याच हाताला दोष दिला. मग एका सकाळी त्याच्याकडून आलेल्या लेन्सचे पितळी झाकण पुसताना आठवले, किनाऱ्यावर काढायचे राहिलेले झाकण हेच. जुना रोल उजेडात धरला. तेरावा फोटो कोरा होता. त्यानंतरचे, कडा विरघळलेले फोटो त्याच्या लेन्सचे होते, आधीचे माझ्या. पानावर नेमके उलटे लिहिलेले होते.

चूक झाली असेल, असे स्वतःला समजावत मी त्याच्या घरी गेलो.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," मी म्हणालो. "लेन्स सारख्या नव्हत्या."

"ठाऊक हाय." तो चहा ओतत होता. "तू खरं बोलला असतास, तर मी पण सांगणार होतो."

"म्हणजे मुद्दाम उलटं लिहिलंस?"

"तू बदलून मागशील, याची खात्री होती मला."

लेन्सपेक्षा ती खात्री मला लागली. तीस वर्षे त्याने मला इतके जवळून पाहिले होते, आणि जे दिसले ते माझ्यावरच वापरले होते. तरी त्याला दोन शब्द सुनवावेत, तर माझे तोंड कुठे होते?

त्याने माझी लेन्स आणून टेबलावर ठेवली. मी त्याची ठेवली. आपापली उचलली. निघताना "आता कधी?" असे तो नेहमी विचारायचा. त्या दिवशी त्याने विचारले नाही, आणि मीही आपणहून काही सांगितले नाही.