सुग्राबीच्या माशा

कळंबात सुग्राबीला खुळी ठरवायला लोकांना फारसे कष्ट पडले नाहीत. नवरा युनूस आपल्या पंक्चरच्या दुकानातले निकामी टायर घरी आणायचा आणि ही त्यांत माती भरून सब्जा, तीळ, झेंडू लावायची. झेंडू तोडून विकायची नाही, सब्जाच्या मंजिऱ्या खुडू द्यायची नाही. असा बिनकामाचा बगिचा गावाने पाहिला नव्हता.

कारण साधं होतं. तीन वर्षं तिच्या भोपळ्याचा वेल नुसता फुलायचा आणि फुलं गळून जायची. एकदा ती सकाळभर वेलाजवळ बसून राहिली, तर एकही मधमाशी फिरकली नाही. तेव्हापासून तिने मधमाश्यांची सरबराई सुरू केली. यंदा त्या आल्या, वेलाला सात भोपळे धरले, आणि आनंदाच्या भरात ती बाजारात बोलून गेली, "आमच्या घरी माशा लय आल्या यंदा."

झालं. आमच्याकडे कापूसवाल्यासमोर माशी म्हटलं की ती पांढरीच असते, पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, रस शोषणारी. भिंतीपलीकडच्या शेताचे मालक पुंडलिकराव म्हणजे शेतीशास्त्रातले आमचे स्वयंघोषित विद्वान. ते दुसऱ्याच दिवशी फवारणीचा पंप पाठीला अडकवून हजर झाले.

"भाभी, तुमी माशा पोसून राह्यल्या म्हणते. माह्या पऱ्हाटीवर पांढरी माशी काहून आली, ते आता समजलं मले."

"भाऊ, ह्या मधाच्या हायेत. पाहून तर घ्या."

"माशी ते माशी," असा शास्त्रीय निर्वाळा देऊन त्यांनी भिंतीवरून नळी फिरवली. सुग्राबी आडवी येईपर्यंत अर्धा पंप रिकामा झाला होता.

संध्याकाळी टायरांभोवती मेलेल्या मधमाश्यांचा सडा पडला. त्या झाडताना सुग्राबी रडली. मला त्या माणसाचा अजून राग येतो. पऱ्हाटीवरची पांढरी माशी मात्र खुशाल होती.

पंधरा दिवसांनी पुंडलिकराव पुन्हा दारात. त्यांच्या बांधावरच्या भोपळ्यालाही यंदा पहिल्यांदाच फळं धरू लागली होती, आणि त्याचं श्रेय त्यांनी आपल्या खताला देऊन टाकलं होतं. आता तिथलीही फुलं गळत होती. त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी घरात खरं कारण ऐकवलं असावं, कारण आवाज बराच खाली आला होता.

"भाभी, त्या मधाच्या माशा... हायेत का आता?"

"हायेत ना भाऊ. झाडून टोपल्यात भरल्या. किती देऊ?"