जर्मन लेथची सुट्टी

अमेरिकेत प्रिन्स्टन जंक्शनला गाडीतून उतरलो तेव्हा झाडांची पानं नुकती रंग बदलू लागली होती. पुतणी मीनल पार्किंगमध्ये वाट पाहत होती. वेस्ट विंडसरच्या घरी पोचेपर्यंत तिने एकच सूचना दिली.

"काका, आज शेजारचे कार्ल जेवायला येतायत. दुसऱ्या महायुद्धाच्या भरपाईचा विषय काढू नका हं. मागच्या वेळी समीर त्यांच्याशी आर्ग्यू करत बसला आणि ते डेझर्ट न खाताच गेले."

समीर तिचा नवरा. कार्ल जन्माने जर्मन, पंचाऐंशीच्या पुढचे. त्यांनी थालीपीठ काट्याने कापून, लोण्यासकट संपवलं. विषय शेवटी समीरनेच काढला.

"शहरंच्या शहरं पाडली होती. हरलेल्यांनी भरपाई नको द्यायला?"

"द्यायलाच हवी," कार्ल म्हणाले. "पण भाव कोणी ठरवायचा?"

युद्धानंतर त्यांच्या वडिलांच्या कारखान्यातली लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, जिंकलेल्या देशांनी भरपाई म्हणून खोक्यात भरून नेली. हिशेबात किंमत धरली ती भंगाराची. वडील मरेपर्यंत अर्ज करत राहिले. लेथ कोणत्या देशात गेली, ते कळलंच नाही.

"वडील म्हणायचे, कुठल्यातरी बंदरावर गंजली असेल. ती चालली का, एवढंच मला जाणून घ्यायचंय."

"झालं," मीनल मराठीत पुटपुटली. "श्रीखंड परत फ्रिजमध्ये."

माझे वडील पुण्याजवळच्या एका कारखान्यात अशाच लेथवर काम करत. भरपाईत भारताच्या वाट्याला आलेली, जर्मन अक्षरांची पितळी पाटी असलेली. हे सांगताच कार्ल यांनी काटा खाली ठेवला.

"तीच?"

हो म्हणणं सोपं होतं. पाटीवरचं नाव मला आठवत नव्हतं, तसं सांगितलं. काही यंत्रं खोक्यातच गंजल्याचं ऐकलं होतं, तेही सांगितलं.

"पण आमची लेथ वडील निवृत्त होईपर्यंत चालली," मी म्हणालो. "वर्षातून एक दिवस सोडून."

खंडेनवमीला वडील तिला पुसून कुंकू लावत, झेंडूचा हार घालत. त्या दिवशी तिला कुणी चालवत नसे. आम्हा मुलांना आत सोडत आणि पेढे देत. तेलाचा आणि झेंडूचा तो एकत्र वास पुढे कुठेच आला नाही.

"लेथला सुट्टी?" कार्ल मोठ्याने हसले. "माझ्या वडिलांनी ती आम्हालाही दिली नाही कधी!"

त्यांनी श्रीखंड दोनदा घेतलं.

मी पुण्याला परतलो. भरपाईच्या भावाचा वाद समीर आणि कार्ल यांच्यात चालूच असल्याचं मीनल फोनवर सांगत असते. खंडेनवमीच्या दिवशी तिने एक फोटो पाठवला. कार्ल यांच्या गॅरेजमध्ये त्यांची छंदापुरती छोटी लेथ, तिच्यावर पिवळे मम्स (तिकडची शेवंती). खाली त्यांचा प्रश्न होता: कुंकू नेमकं कुठे लावायचं?

वडील कुठे लावत, ते आठवायला वेळ लागला. मग लिहिलं, जिथे रोज हात पडतो, तिथे.